ईम्सची खुर्ची घेण्याआधी ती उलटी करून बघा

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका मराठी जोडप्याचा आहे. त्यांच्या गावातल्या एका एस्टेट सेलमध्ये, म्हणजे घर रिकामं करताना होणाऱ्या सामानाच्या विक्रीत, काळ्या चामड्याची ईम्स लाउंज चेअर आणि तिच्यासोबतचं पाय ठेवायचं स्टूल विकायला येतंय. जाहिरातीत लाकूड ब्राझिलियन रोझवूड असल्याचं लिहिलंय. खुर्ची खरी आहे हे कसं ओळखायचं, ईम्सचं फर्निचर जमवायची सुरुवात याच खुर्चीपासून करावी का, चामडं फाटलंय ते बदलून घ्यावं का, आणि काही वर्षांनी पुण्याला परतताना ती सोबत नेता येईल का, असं त्यांनी विचारलंय. विसाव्या शतकाच्या मध्यातलं अमेरिकन फर्निचर दुरुस्त करणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. ईम्सची खुर्ची म्हणजे जगात एकच असलेली कलाकृती, असं काही नसतं. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर नवरा-बायकोची सगळी धडपड चांगली वस्तू कारखान्यात, स्वस्तात आणि भरपूर कशी निघेल यासाठी होती. तेव्हा नुसतं ‘ही खरी ईम्स आहे’ म्हटल्याने फारसं काही ठरत नाही. खऱ्या ढिगाने आहेत. कुठल्या सुमाराला बनली, कुठल्या कारखान्यात, कशात बनली आणि नंतर तिला कुणाकुणाचे हात लागले, यावर किंमत ठरते. ही सगळी माहिती खुर्चीच्या खालच्या अंगाला असते: स्क्रूंमध्ये, रबरात, प्लायच्या थरांत. विकणारे फोटो समोरून काढतात. तुम्ही तळाचे मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर त्यातूनही काय ते कळतं.

हे दोघं १९४१ मध्ये लग्न करून लॉस एंजेलिसला आले आणि राहत्या फ्लॅटमध्येच प्लायवूड वाकवायचे प्रयोग करू लागले. प्लाय एका दिशेने वाकवणं जुनंच होतं. त्यांना तो अंगाच्या घडणीसारखा दोन्ही दिशांनी वळवायचा होता, आणि तिथेच तो तडकायचा. रस्ता सापडला युद्धाच्या कामात. १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाने जखमींच्या पायाला बांधायचे प्लायवूडचे स्प्लिंट त्यांच्याकडून मागवले; युद्ध संपेपर्यंत ते दीड लाखाच्या आसपास बनले. या स्प्लिंटला जागोजागी खाचा आणि भोकं आहेत. पट्टी ओवायला ती कामाला येतात, पण वळणाच्या जागी लाकडावर येणारा ताणही त्यांनीच मोकळा होतो. खाचा नसत्या तर प्लाय फाटला असता. न वापरलेले स्प्लिंट अजूनही लिलावात येतात आणि ईम्सच्या जुन्या वस्तूंमध्ये त्यातल्या त्यात परवडतात. जमेल तेव्हा एखादा हातात घेऊन बघा. त्यानंतर आलेल्या प्लायवूडच्या खुर्च्यांमध्ये बैठक वेगळी आणि पाठ वेगळी का ठेवली, हे तो बघितला की सांगावं लागत नाही.

त्या खुर्च्या सुरुवातीला इव्हान्स प्रॉडक्ट्स ही कंपनी बनवायची. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचं प्रदर्शन भरवलं, त्याच वर्षी मिशिगनची हर्मन मिलर कंपनी त्या विकू लागली आणि १९४९ मध्ये उत्पादनही तिच्याकडे गेलं. म्हणून इव्हान्सचं नाव असलेलं लेबल म्हणजे सुरुवातीचा माल. लेबलांवर आणि जाहिरातींत नाव मात्र फक्त चार्ल्सचं. रे मूळची चित्रकार, आणि कामात बरोबरीची भागीदार. बाजारात अजूनही सर्रास ‘चार्ल्स ईम्स खुर्ची’ असंच म्हणतात. मी माझ्या बिलावर दोघांची नावं लिहितो.

आता तुमची लाउंज चेअर. कंपनीच्या यादीत तिचा क्रमांक ६७०, स्टुलाचा ६७१. १९५६ मध्ये आली आणि तेव्हापासून हर्मन मिलर ती सलग बनवतेय. युरोपात तेच काम व्हिट्रा ही कंपनी परवान्याने करते. पहिली पारख चार पावलांवरूनही होते. खऱ्या खुर्चीच्या पायाला पाच फाटे असतात, स्टुलाच्या पायाला चार. खुर्ची गोल फिरते, पण पाठ मागेपुढे करायची कळ तिला नाही. कलण्याचा कोन कायमचा ठरलेला आहे. आणि पाठीच्या दोन्ही लाकडी कवचांवर बाहेरून एकही स्क्रू किंवा बोल्ट दिसत नाही. खुर्चीला चारच फाटे असतील किंवा पाठ कळीने कलत असेल तर सरळ घरी या. स्क्रू दिसला तर मात्र थांबून नीट बघा, त्याचं कारण पुढे सांगतो.

नकलांबद्दल एक इशारा. नक्कल म्हणजे नवी कोरी, चकचकीत, चीनहून आलेली अशीच समजूत असते. पण मॅसॅच्युसेट्सच्या प्लायक्राफ्टसारख्या कंपन्या या धाटणीच्या खुर्च्या तेव्हापासूनच बनवत होत्या. त्या खुर्च्या आता स्वतःच म्हाताऱ्या झाल्यात. चामडं भेगाळलेलं, लाकडावर म्हातारपणाचा रंग, आजोबांनी घेतल्याची खरी गोष्टही सोबत. विकणारा खोटं बोलत नसतो, त्यालाच माहीत नसतं. काहींना त्या आवडतात आणि योग्य किमतीला घ्यायला हरकतही नाही, पण ती किंमत वेगळी.

खरी ठरली की वय. प्लायच्या कडेचे थर मोजा. जुन्या कवचांत पाच थर आहेत, आत्ताच्या कवचांत सात. रोझवूडचा वापर १९९० च्या सुमारास थांबला आणि थरांचा हा बदलही त्याच काळातला. पुढे २००६ पासून कंपनीने पॅलिसँडर नावाचं लाकूड आणलं. दिसायला ते बरंच जवळचं आहे आणि जाहिराती लिहिणारे त्यालाही बिनदिक्कत रोझवूड म्हणतात. पाच थर आणि गडद, काळपट रेषांचं लाकूड असेल तर तुमची जाहिरात बहुधा बरोबर आहे. सात थर असतील तर नाही. अगदी पहिल्या खुर्च्यांत हाताच्या गादीखाली तीन स्क्रू असत, नंतर दोन झाले. गाद्यांमध्ये पिसं भरलेली असत, नंतर फोम आला. अगदी सुरुवातीची काही स्टुलंसुद्धा गोल फिरायची. लेबलावर फार विसंबू नका. लेबलं सुकून पडतात, आणि बाजारात सुटीही मिळतात.

आता मुद्द्याचं. या खुर्चीचं मरण रबरात आहे. बैठकीचं कवच आणि पाठीचं खालचं कवच यांना थेट जोडणारं काहीही नाही. दोघांना धरून ठेवतात ते फक्त दोन बाजूंचे हात, आणि हात कवचाला जोडलेत ते जोडणीच्या रबरी ठोकळ्यांमधून, म्हणजे माउंटमधून. हे माउंट पाठीच्या कवचाला आतून चिकटवलेले असतात. कल्पना अशी की टेकून बसल्यावर रबर थोडं दबेल आणि पाठ अंगाबरोबर हलेल. नवी खुर्ची तशी हलतेही. पण तीस-चाळीस वर्षांत रबर वाळून लाकडासारखं कडक होतं. ते दबेनासं झालं की सगळा भार चिकटवलेल्या जागेवर येतो, आणि एक दिवस माउंट स्वतःबरोबर लाकडाचे वरचे थर सोलून घेऊन सुटतो. बसलेला माणूस आडवा. तिथे सोलला गेलेला प्लाय जोडता येतो, पण पहिल्यासारखा होत नाही.

म्हणून बघायला जाताना टॉर्च न्या. पाठीची गादी काढायची परवानगी मागा. ती क्लिपांवर बसलेली असते, निघते. माउंटच्या रबराला नखाने दाबा. थोडं दबलं तर ठीक, दगड लागला किंवा भेगा दिसल्या तर खुर्ची घरी आणल्यावर कुणालाही बसू न देता आधी दोन्ही बाजूंचे माउंट बदला. एकच बदलू नका. नवा दबतो, जुना दबत नाही, आणि सगळा भार जुन्यावर जातो. मग बाहेरून त्याच जागी हात फिरवा. फुगवटा किंवा केसाएवढी चीर जाणवली तर आत थर सुटायला लागलेत. आणि तिथे स्क्रू किंवा बोल्टचं डोकं दिसलं, तर एक तर ती नक्कल आहे, नाहीतर खरी खुर्ची कुणीतरी भोक पाडून ‘पक्की’ केलीये. हा दुसरा प्रकार बघितला की मला जास्त वाईट वाटतं. नीट बदललेले नवे माउंट असतील तर त्याने किंमत कमी होत नाही, उलट मी दोन पैसे जास्त देईन. काम कुणी केलं ते विचारा, पावती असेल तर घ्या. आणि खुर्ची उचलताना हातांना धरून कधीही उचलू नका, पायाखालून उचला.

तर घ्यावी का? माउंट शाबूत किंवा व्यवस्थित बदललेले, कवचाला भोक नाही, गाद्या मूळच्या, असं असेल तर घ्या. रोज संध्याकाळी बसाल. पण संग्रहाची सुरुवात म्हणून विचारत असाल तर ही खुर्ची मी सुचवणार नाही. तिच्यात पैसा खूप अडकतो आणि शिकायला कमी मिळतं. सुरुवात फायबरग्लासच्या शेल खुर्च्यांनी करा.

१९४८ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने स्वस्त फर्निचरची स्पर्धा घेतली. ईम्स मंडळींनी तिथे पत्रा ठोकून बनवलेल्या एकसंध बैठकीची खुर्ची पाठवली होती. पत्रा महाग पडतो असं दिसल्यावर ते फायबरग्लासकडे वळले. कॅलिफोर्नियात गार्डेना इथली झेनिथ प्लास्टिक्स ही कंपनी सैन्यासाठी रडारची फायबरग्लासची आवरणं बनवत होती. तिच्या साच्यांतून १९५० मध्ये हातांची पहिली शेल खुर्ची निघाली. पाठ, बैठक, हात सगळं एका तुकड्यात, आणि पृष्ठभागावर रंग न चढवता तसाच ठेवलेला. मालातच मिसळलेले पहिले रंग तीनच: ग्रेज म्हणजे करडा-बदामी, हत्तीच्या कातडीसारखा करडा आणि पार्चमेंट, म्हणजे अर्धपारदर्शक पिवळट पांढरा. लिंबू, लाल, समुद्री हिरवा हे थोड्या काळाने आले.

झेनिथच्या सुरुवातीच्या शेलची खूण बोटांना कळते. कडेवरून बोट फिरवा. आत दोर घातलेला असल्याने कड गोलसर आणि भरीव लागते, आणि उजेडात धरलं तर तो दोर दिसतोही. तळाला पाय जोडायच्या रबरी चकत्या मोठ्या असतात; पुढे त्या लहान झाल्या. चौकटीचौकटींचं झेनिथचं लेबल टिकलेलं असेल तर उत्तम, नसेल तरी दोर आणि चकत्या एकत्र असल्या की मला पुरे. नुसत्या मोठ्या चकत्यांवर जाऊ नका, त्या नंतरही चिकटवता येतात. दोर नंतर घालता येत नाही.

शेलच्या बाबतीत फसगत होते ती बहुतेक वेळा पायांवरून. एकाच शेलला निरनिराळे पाय लागायचे: आयफेल टॉवरसारखा तारांचा, लाकडी दांड्यांचा, इंग्रजी एचच्या आकाराचा, झुलता. मालकही हौसेने बदलत. आता कुणी शाळेतून निघालेल्या साध्या खुर्चीचं शेल घेतो, त्याला नवे झुलते पाय लावतो आणि रॉकिंग चेअरच्या भावात विकतो. ही झुलती खुर्ची हर्मन मिलरच्या कॅटलॉगमधून १९६८ मध्ये गेली. नंतर कंपनीतल्या कुणाला मूल झालं की भेट म्हणून ती मिळायची, ही रीत १९८४ पर्यंत चालली. म्हणजे जुने झुलते पाय मोजकेच आहेत. बाजारात दिसणाऱ्या खुर्च्यांकडे बघून कुणाला वाटेल की पन्नासच्या दशकात अमेरिकेत सगळे झुलतच होते. पाय नवे असले तरी खुर्ची वाईट नाही; फक्त शेलचे पैसे द्या, पायांना जुन्याचा भाव देऊ नका.

फायबरग्लास की साधं प्लास्टिक हे लांबूनही समजतं. फायबरग्लासमध्ये धागे विस्कटून पसरलेले दिसतात आणि उजेड आरपार येतो. हर्मन मिलरने फायबरग्लास बंद केल्यावर काही काळाने हीच खुर्ची पॉलिप्रोपिलीनमध्ये आली. ती एकसारखी आणि मंद असते. २०१३ मध्ये कंपनीने फायबरग्लास नव्या पद्धतीने परत आणलं, आणि लॉस एंजेलिसच्या मॉडर्निका या कंपनीचीही शेलं बाजारात आहेत, तेव्हा धागे दिसले म्हणजे जुनंच असंही नाही. तळ बघा, शिक्का बघा, स्क्रूंवर गंज आणि रबरावर वय बघा.

उन्हात राहिलेलं शेल कोरडं पडतं आणि धागे वर येतात. अशा वेळी घरच्या घरी पॉलिश पेपर घेऊन बसू नका. ती धूळ छातीत जाते, कातडीला खाज सुटते ती वेगळीच. आणि वर स्प्रेचा रंग तर मुळीच मारू नका. रंग मारलेलं शेल मी फुकट दिलं तरी घेत नाही. तो काढताना मूळ पृष्ठभाग जातो. निघालेली चकती पुन्हा इपॉक्सीने चिकटवणं ही मात्र मान्य दुरुस्ती आहे.

शेलनंतर प्लायवूडच्या खुर्च्या. एलसीडब्ल्यू म्हणजे बसकी, लाकडी पायांची. डीसीएम म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या उंचीची, धातूच्या पायांची. टाइम साप्ताहिकाने १९९९ मध्ये शतकातलं सर्वोत्तम डिझाइन म्हणून निवडली ती एलसीडब्ल्यू. तिचं उत्पादन १९५७ मध्ये थांबलं ते १९९४ मध्येच पुन्हा सुरू झालं, त्यामुळे ‘सत्तरच्या दशकातली’ असं कुणी सांगितलं तर हसून पुढे जा. लाल आणि काळ्या खुर्च्यांचा रंग लाकडात मुरवलेला असतो, आतून रेषा दिसतात. घासून नवं पॉलिश मारलेलं असेल तर रेषांवर काचेसारखा थर चकाकतो आणि कडांना खालचं फिकट लाकूड डोकावतं. वरचं व्हीनिअर, म्हणजे लाकडाचा वरचा पापुद्रा, पातळ असतं, एकदा जास्त घासलं की संपलं. ओरखडे, चहाच्या कपाचा डाग, घासलेली कड हे सगळं चालतं. नवं पॉलिश नाही चालत.

१९५० ची रंगीत फळ्यांची कपाटं, ईएसयू म्हणतात ती, सुंदर आहेत पण पहिल्या काही वर्षांत त्यांच्या नादी लागू नका. पहिल्या प्रकारचे पाय कमकुवत होते, १९५२ मध्ये बदलले, विक्री काही वर्षांतच थांबली, आणि आज पैसा मोठा असल्याने तुकडे जोडून ‘जुनं’ कपाट बनवणारे हात कुशल आहेत.

खरेदीसाठी तुम्ही चांगल्या जागी राहता. लॅम्बर्टव्हिलचं रागो लिलावघर तुमच्याच राज्यात आहे. विक्रीआधी वस्तू मांडतात तेव्हा जाऊन हात लावता येतो, उलट्या करून बघता येतात. काही न घेता दोन-तीनदा नुसते जा. शिकागोच्या राइट या लिलावघराच्या जुन्या विक्रीचे आकडे ऑनलाइन बघायला मिळतात. दुकानदाराने सांगितलेला भाव त्या आकड्यांशी ताडून बघा. मात्र हातोडा पडतो त्या शेवटच्या बोलीवर घेणाऱ्याला लिलावघराची फी म्हणून साधारण पाव हिस्सा वर द्यावा लागतो, हे धरून चला.

पुण्याला नेण्याचं काय? रोझवूड खरं निघालं तर अडचण तिथेच आहे. ब्राझिलियन रोझवूड हा आपल्या शिसवीचाच चुलतभाऊ, आणि १९९२ पासून तो दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक परिशिष्टात आहे. अमेरिकेत घरात ठेवायला हरकत नाही, पण देशाची हद्द ओलांडताना कागद लागतात, घरसामानात नेलं तरीही. खुर्ची १९९२ च्या आधीची आहे हे दाखवणारं प्रमाणपत्र यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडून काढावं लागतं, आणि भारतातल्या बाजूला काय लागेल ते कंटेनर निघायच्या आधी विचारून घ्यावं लागतं. त्यासाठी वयाचा पुरावा हवा. म्हणून आत्ताच, एस्टेट सेलमध्ये, मूळ पावती, जुना फोटो, घरच्यांचं सहीचं पत्र यातलं मिळेल ते मागा. घर रिकामं झाल्यावर ते कुणीही देणार नाही. नेण्याचं नक्की असेल तर अक्रोडाच्या लाकडातली घ्या, हा त्रासच नाही.

पुण्याची हवा तशी सोसते. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ न्यायची असती तर पावसाळ्यात चामड्याला बुरशी आणि व्हीनिअरला फुगवटा येण्याची तयारी ठेवा म्हटलं असतं. आणि भारतात गेल्यावर एकदा अहमदाबादला जाऊन या. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ईम्स दांपत्याने १९५८ मध्ये जो अहवाल दिला, त्यातून तिथली राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यांत जास्त कौतुक केलंय ते आपल्या पाणी भरायच्या तांब्याचं, म्हणजे लोट्याचं. १९५९ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने भारतात फिरवलेल्या प्रदर्शनातलं फर्निचरही त्या संस्थेच्या संग्रहात आलं. विक्रीच्या बाजारातून न गेलेल्या त्या काळातल्या वस्तू बघायला मिळणं दुर्मीळ.

राहिला चामड्याचा प्रश्न. भेगा असतील तर लगेच बदलू नका. चांगलं मलम लावून वर्षभर वापरून बघा. शिवण उसवली असेल तर चांभारकामाची जाण असलेल्या माणसाकडून तेवढीच शिवून घ्या. स्टुलाची आणि बैठकीची गादी एकसारखी असते, त्यामुळे जी कमी झिजलीये ती बैठकीवर लावून काही वर्षं निघतात. बदलायचंच ठरलं तर जुन्या गाद्या फोडू देऊ नका. नव्या वेगळ्या करून घ्या आणि जुन्या, पिसं असोत की फोम, कापडात गुंडाळून कपाटावर ठेवा. पुढे विकायची वेळ आली तर घेणारा त्याच आधी मागेल.